अवकाश : कुर्डुवाडीपेक्षा जवळ



शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या पस्तीस वर्षांतला एक तास मला अजून टोचतो. आजचं बोलणं त्या तासापासून सुरू करतो.

एप्रिल 1984. राकेश शर्मा 3 तारखेला सोयूझ टी-11 यानातून निघाले होते आणि सॅल्यूत-7 या सोव्हिएत स्थानकात राहत होते. गावात दूरचित्रवाणीचे संच मोजून तीन-चार. ज्यांच्याकडे होते त्यांच्या ओट्यावर जत्रा. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं दुसरं काही बोलायला तयार नव्हती. ‘सर, ते तरंगतात कसे?’ मी खडू घेतला, फळ्यावर पृथ्वीचा गोळा काढला, वर एक यान काढलं आणि ठासून सांगितलं, ‘पृथ्वीपासून लांब गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं. वजनच उरत नाही, म्हणून माणूस तरंगतो.’

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. मूळचा दौंडकडचा, शिक्षणासाठी मामाकडे राहिलेला. म्हणाला, ‘सर, चंद्र तर त्याहून लांब आहे. गुरुत्वाकर्षण संपलं, तर त्याला कोण धरून ठेवतं?’

मला उत्तर येत नव्हतं. त्या वयात ‘मला माहीत नाही’ म्हणणं जमत नसे. ‘पुस्तकात नाही ते विचारू नकोस, बस खाली,’ असं म्हणालो. तो बसला. पुढे वर्षभर त्यानं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मी चूक होतो. हे कळायला मला चार वर्षं लागली. आजही शंभर माणसांना विचारलं, तर बहुतेकजण मी तेव्हा दिलं तेच उत्तर देतील. म्हणून ते आधी खोडून काढू.

अवकाश किती लांब आहे? समुद्रसपाटीपासून शंभर किलोमीटरवर अवकाशाची हद्द सुरू होते, असं मानतात. माझं बालपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं, वडील लोकोशेडमध्ये होते, त्यामुळे अंतर म्हटलं की मला रूळच आठवतात. दौंडहून कुर्डुवाडी शंभर किलोमीटरच्या थोडी पुढे आहे. म्हणजे रूळ उभे करता आले असते, तर कुर्डुवाडीला पोचायच्या आत आपण अवकाशात असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, जे आपल्या डोक्यावरून रोज फिरतं, ते सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर आहे. मुंबईहून सोलापूरला जाणारा प्रवासी याहून जास्त अंतर कापतो.

आता पृथ्वीच्या मध्यापासून मोजा. आपण जमिनीवर उभे असतो, तेव्हाच मध्यापासून 6,371 किलोमीटर लांब असतो. त्यात चारशे वाढले, तर ओढ कितीशी कमी होणार? हिशेब केला तर ती जमिनीवरच्या ओढीच्या 88 टक्क्यांहून थोडी जास्तच भरते. समजा, दौंड स्टेशनाशेजारी चारशे किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि साठ किलोचा माणूस वर वजनकाट्यावर उभा केला. काटा त्रेपन्न दाखवेल. तो माणूस तरंगणार नाही. पाय घसरला तर दगडासारखा खाली येईल.

मग अंतराळवीर का तरंगतात? ते पडत असतात म्हणून. स्थानक पडतंय, त्यातला माणूस पडतोय, हातातला चमचा पडतोय, सगळे एकाच चालीनं. शेजारी शेजारी पडणाऱ्या वस्तू एकमेकींना तरंगताना दिसतात. जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तो गोळा त्याच जातीचा. फक्त पाळणा दोन-तीन सेकंदांत आपल्याला पुन्हा उचलतो, आणि त्यांचा पाळणा महिनोन्‌महिने खालीच येत असतो.

हे मला 1988 साली शिक्षकांच्या एका शिबिरात पटलं, आणि पटलं ते एका पत्र्याच्या डब्यामुळे. परत आल्यावर मी प्लॅस्टिकची बाटली घेतली, बुडाजवळ खिळ्यानं भोक पाडलं, बोट लावून पाणी भरलं आणि शाळेच्या गच्चीवर गेलो. मुलं खाली. बोट काढलं की पाण्याची धार लागते, कारण वरच्या पाण्याचं वजन खालच्या पाण्याला भोकातून ढकलतं. आता बाटली सोडून द्यायची. ज्या क्षणी ती हातातून सुटते, त्या क्षणी धार थांबते. भोक उघडं, बाटली भरलेली, आणि एक थेंबही बाहेर येत नाही. कारण पाणी आणि बाटली दोन्ही सारखीच पडताहेत, कोणी कोणावर भार टाकत नाही. सगळा खेळ सव्वा सेकंदाचा. पण त्या सव्वा सेकंदापुरती ती बाटली अवकाश स्थानकच असते. घरी करून पाहा. खाली कोणी उभं नाही एवढं मात्र बघा.

बाटली जमिनीवर आपटते, स्थानक का आपटत नाही, हा पुढचा प्रश्न. इथे वेग येतो. कोणतीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर पडते, विहीर खोदणाऱ्यांच्या भाषेत अडीच-तीन परस. पृथ्वी गोल आहे. एखाद्या जागेपासून अगदी सरळ रेषेत आठ किलोमीटर गेलं, तर तेवढ्यात जमीन त्या रेषेपासून सुमारे पाच मीटर खाली वळलेली असते. मग एखादी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटर या वेगानं आडवी फेकली, तर काय होईल? ती सेकंदात पाच मीटर पडेल आणि जमीनही तेवढीच खाली गेलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. पडणं चालू राहील, जमीन काही भेटणार नाही. न्यूटननं उंच डोंगरावरच्या तोफेचं उदाहरण घेऊन हे तीनशे वर्षांपूर्वीच मांडून ठेवलं होतं. चंद्रही असाच पडतो आहे. मागच्या बाकावरच्या पोराचं उत्तर ते. चंद्राला पृथ्वीची ओढच धरून ठेवते. ती नसती, तर तो सरळ रेषेत निघून गेला असता.

स्थानकाचा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून थोडा जास्त आहे. पुणे ते दौंड शटलनं जाणाऱ्यांना या आकड्याची खरी किंमत कळेल. हे 76 किलोमीटर स्थानक दहा सेकंदांत कापतं. दीड तासात ते साऱ्या पृथ्वीला चक्कर मारून येतं.

म्हणून अवकाशात ‘जाणं’ आणि तिथं ‘राहणं’ या फार वेगळ्या गोष्टी आहेत. 21 नोव्हेंबर 1963 रोजी थुंबाहून आपल्या देशातलं पहिलं रॉकेट उडालं. ते अवकाशाची हद्द ओलांडून गेलं आणि काही मिनिटांत समुद्रात आलं, कारण त्याला उंची होती, आडवा वेग नव्हता. एक किलो वस्तू चारशे किलोमीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळपास आठपट तिला तो आडवा वेग द्यायला लागते. श्रीहरिकोट्याचं उड्डाण दूरचित्रवाणीवर पाहाल, तेव्हा नीट बघा. रॉकेट सुरुवातीला सरळ वर जातं, ते हवेच्या दाट थरातून लवकर सुटण्यासाठी. मग ते हळूहळू कलतं आणि शेवटी जमिनीला समांतर धावतं. मुलं म्हणायची, ‘सर, वाकडं गेलं!’ वाकडं जाण्यासाठीच ते निघालेलं असतं.

वडिलांच्या लोकोशेडमधलं वाफेचं इंजिन कोळसा स्वतः वाहायचं, पण जाळायला लागणारी हवा बाहेरून घ्यायचं. रॉकेटला ती सोय नाही. वर हवाच नाही, म्हणून इंधनाबरोबर ते जाळणारा ऑक्सिजनही त्याला घेऊन जावा लागतो. उड्डाणाच्या वेळी रॉकेटच्या वजनाचा बहुतेक भाग या दोहोंचाच असतो. घन इंधनात दोन्ही एकत्र कालवून वडी थापल्यासारखी बसवलेली असतात. वसंत गोवारीकर हे नाव आपल्याकडे मान्सूनच्या अंदाजामुळे घरोघरी गेलं. पण त्याआधी ते थिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते आणि भारताच्या घन इंधनाच्या कामात त्यांचा वाटा फार मोठा आहे. पावसाच्या गप्पांत हे मागे पडलं, याची मला नेहमी चुटपुट वाटते.

आता त्या उंचीवरचं हवामान कसं असतं ते पाहू. तिथं गोठवणारी थंडी असते, अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी. थर्मासमधला चहा तासन्‌तास गरम राहतो, तो दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीमुळे. अवकाश म्हणजे असाच प्रचंड थर्मास. उष्णता न्यायला हवा नाही, तेव्हा यंत्रांची आणि माणसांची उष्णता आतच साठते. स्थानकाला मोठी अडचण असते ती थंड राहण्याची. त्यासाठी अमोनिया खेळवलेले मोठमोठे पत्रे बाहेर काढलेले आहेत, त्यांतून उष्णता फक्त प्रारणानं बाहेर पडते. उन्हातली बाजू शंभर अंशांच्या वर तापते, सावलीतली शून्याखाली शंभराच्या पलीकडे जाते, आणि दर दीड तासाला ऊन-सावलीची अशी एक फेरी होते.

पडत राहण्याचे परिणाम शरीरावरही होतात. शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा होतो. भार नसल्यामुळे हाडं महिन्याला एखादा टक्का झिजतात. म्हणून तिथं रोज दोन-अडीच तास व्यायाम करावा लागतो. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, राकेश शर्मांनंतर एक्केचाळीस वर्षांनी पृथ्वीच्या कक्षेत गेलेले दुसरे भारतीय. त्यांच्याकडे मूग आणि मेथी भिजवून मोड आणण्याचा प्रयोग होता. आपल्या परसातली मेथी मूळ खाली आणि कोंब वर पाठवते, कारण खाली कुठे ते तिला ओढीवरून कळतं. तिथं ते कळायची सोय नाही. पुढे माणसाला महिनोन्‌महिने तिथं राहायचं असेल, तर जेवणाच्या ताटापर्यंतचा विचार इथूनच सुरू होतो.

चारशे किलोमीटरवर हवा नाही असं मी मघाशी म्हणालो. तेही पूर्ण खरं नाही. अगदी विरळ, नगण्य वाटावी अशी हवा तिथं आहे. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर पळणाऱ्याला नगण्य काहीच नसतं. त्या घासण्यानं स्थानकाचा वेग घटतो, ते महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली येतं आणि मधूनमधून इंजिन चालवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. ढकलणारं कोणी नसलं, तर काय होतं, हे आमच्या पिढीनं पाहिलं आहे.

1979 सालची ‘स्कायलॅब’ अनेकांना आठवत असेल. अमेरिकेचं 77 टनांचं रिकामं स्थानक. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला, त्यामुळे वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं आणि स्कायलॅब अंदाजाच्या आधी खाली येऊ लागली. आमच्या रेल्वे कॉलनीत ती नेमकी दौंडच्या यार्डात पडणार, अशी आवई उठली होती. शेजारच्या मावशींनी मुलांना लोखंडी खाटेखाली झोपवलं. मी पदवीचा अभ्यास केलेला, तरी त्या रात्री अंगणात निजलो नाही. 11 जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास ती पडली, हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना हसले.

ती भीती अगदीच वेडगळ नव्हती, हे 2 एप्रिल 2022 रोजी चंद्रपूर जिल्ह्यानं पाहिलं. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ लोखंडी चाकाच्या धावेसारखं, पण माणसाहून मोठं धातूचं कडं येऊन पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीला आले. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या एका चिनी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं या विषयातल्या जाणकारांनी सांगितलं. म्हणजे वर्षभर हवेशी घासत घासत ते खाली आलं होतं. गोळे जळाले का नाहीत? असे गोळे म्हणजे दाबाखाली वायू भरण्याच्या टाक्या. त्या आकारानं मोठ्या पण वजनानं हलक्या, म्हणून उंचावरच त्यांचा वेग मोडतो. शिवाय त्या बहुधा टायटॅनियमसारख्या चिवट धातूच्या असतात. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही.

जो वेग मिळवायला एवढं इंधन जाळलं, तो परत देताना किती जपावं लागतं, याचं एक उदाहरण तर आपल्या शेजारच्या तालुक्यातलं आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या, तारांच्या जाळीच्या तीस थाळ्या. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना पाहता येते, मी मुलांना घेऊन अनेकदा गेलो आहे. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं ‘स्कियापरेली’ नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ आवाज साडेसतरा कोटी किलोमीटरवरून खोडदच्या थाळ्यांनी पकडला. यायला जवळपास दहा मिनिटं लागत होती, म्हणजे ऐकणारे ऐकत होते ते घडून गेलेलं होतं. यान मंगळाच्या हवेत शिरलं, छत्री उघडली, सगळं ठीक. आणि उतरण्याच्या थोडं आधी आवाज बंद झाला. पुढे चौकशीत कळलं की यानाचं डुलणं मोजणारं उपकरण साधारण सेकंदभर शेवटच्या आकड्यावर अडकलं. त्यावरून संगणकानं उंची काढली, ती आली जमिनीच्या खाली. ‘आपण पोचलो’ असं समजून त्यानं छत्री सोडली, उतरण्याची इंजिनं दोन-तीन सेकंदांतच बंद केली. प्रत्यक्षात यान अजून सुमारे पावणेचार किलोमीटर वर होतं. ते ताशी तीनशे किलोमीटरहून जास्त वेगानं आदळलं. तो थांबलेला आवाज मला माझ्या त्या तासाची आठवण करून देतो. संगणकही ठासून बोलला होता.

त्या मुलाची आणि माझी भेट 2025 च्या दिवाळीनंतर झाली. दौंड स्टेशनावर मी गाडीची वाट पाहत होतो. मागून हाक आली, ‘सर!’ डोक्यावर पांढरे केस, खांद्याला पिशवी. तो लोको पायलट झाला आहे, मालगाड्या चालवतो. चहा घेता घेता मी मनातलं बोललो. म्हटलं, ‘तू चंद्राबद्दल विचारलं होतंस आणि मी तुला खाली बसवलं. तुझं बरोबर होतं.’

त्यानं माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. ‘मी विचारलं होतं? आठवत नाही, सर.’

एक्केचाळीस वर्षं मी जे वाहत होतो, ते त्याच्या गावीही नव्हतं! तरी मी त्याला सगळं सांगितलं, बाटलीसकट. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, ‘पण सर, एवढ्या वेगातून थांबतात कसे? आमची भरलेली गाडी थांबवायची म्हटली, तर किलोमीटरभर आधीपासून तयारी.’

मी म्हणालो, ‘ते इंजिनानं वेग थोडासाच कमी करतात. ताशी अठ्ठावीस हजारांतला तीन-चारशे. तेवढ्यानं वाट खाली वळते. बाकीचा ब्रेक हवा लावते, यानासमोरची हवा दाबली जाऊन इतकी तापते की पुढे उष्णतारोधक ढाल लागते. त्या ढालीत भोक असलं तर काय होतं, ते कल्पना चावलांच्या ‘कोलंबिया’च्या वेळी, 1 फेब्रुवारी 2003 ला, आपण पाहिलं. शुभांशु शुक्ला 15 जुलैला समुद्रात उतरले, त्यांनी ब्रेक सुमारे तासभर आधी लावला होता.’

‘म्हणजे किती लांबून?’

‘जवळपास अर्धी पृथ्वी.’

तो हसला. स्वतःशीच काहीतरी हिशेब करत राहिला. मी त्याला सांगितलं, ‘आज संध्याकाळी पावणेसातला स्थानक आपल्यावरून जाणार आहे. वायव्येकडून येईल, ठळक चांदणीसारखं, लुकलुकणार नाही. खाली अंधार झालेला असतो पण वर त्याच्यावर ऊन असतं, म्हणून दिसतं. पाच-सहा मिनिटं. जरूर बघ.’

त्यानं घड्याळ पाहिलं. ‘पावणेसातला मी केडगावच्या पुढे असेन, सर. मला वर बघता यायचं नाही. सिग्नल बघायचे असतात. तुम्ही बघा आणि मला फोन करून सांगा.’